चाकापासून पायऱ्यांपर्यंत

माझ्या नवऱ्याची आत्या आयुष्यभर उलटी चालली. हा टोमणा नाही, तो त्यांचा धंदाच होता. कमरेला तागाचा भारा बांधायचा, त्यातले थोडे तंतू चाकाच्या आकड्यात अडकवायचे आणि चाकाकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागे टाकत जायचं. तिकडे कोणीतरी चाक फिरवतं, तागाला पीळ बसतो आणि बोटांतून सूत सुटत राहतं. अशी बरीच सुतं एकत्र वळली की दोर होतो. नदीकडून येणाऱ्या माणसाला आत्याबाईंची आधी पाठच दिसायची, म्हणून गल्लीत त्यांचं नाव पडलं होतं पाठमोरी. तोंडावर हे नाव घ्यायची कोणाची छाती नव्हती. लग्न का केलं नाही असं मी नवी नवरी असताना एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "स्थळं समोरून येतात म्हणे. मी सारखी मागे चाललेली. गाठ पडायची कशी?"

त्यांचे वडील लवकर गेले तेव्हा धाकटा भाऊ इतका लहान होता की चाकाच्या मुठीपर्यंत त्याचा हात पोचत नव्हता. त्याला खोक्यावर उभं करून यांनी चाक फिरवायला शिकवलं. तो भाऊ म्हणजे माझे सासरे. केस पांढरे झाले, सून आली, तरी आत्याबाई त्यांना बाळच म्हणायच्या आणि ते त्यांना आक्का. चाकावर बाळ, सुताला आक्का, हे त्यांचं आयुष्य. दिवसभर एकमेकांकडे तोंड करून काम करायचं आणि त्यातलं एक सतत लांब जात राहायचं.

नदीकाठचा आमचा सगळा भाग वेडावाकडा आहे. कोणती वाट कुठे वळेल याचा पत्ता नाही. एकटी आमची गल्ली पट्टीने आखल्यासारखी सरळ आहे, कारण तिथे आधी दोर आला आणि घरं नंतर त्याच्या दोन्ही अंगांना उभी राहिली. एका टोकाला आमची चाकाची शेड, वर आमच्या खोल्या. दुसऱ्या टोकाला नदीच्या पायऱ्या, आणि पायऱ्यांजवळ आत्याबाईंची खोली. पूर्वी नावा यायच्या तेव्हा नांगराचे दोर इथूनच जायचे. मग पूल झाला आणि नावा संपल्या. गोदामांत धान्याऐवजी सिमेंट आलं, सिमेंटनंतर वेल्डिंगवाले, छापखाने. आम्ही ट्रकांवर माल बांधायचे दोर वळायला लागलो. वरच्या अंगाला चामड्याचे कारखाने होते, त्यामुळे नदीला असा वास यायचा की माझं लग्न इथे ठरलं तेव्हा मावशीने आईला विचारलं होतं, "पोरीला नाक नाही का?" पुढे कारखाने गेले, नदी बऱ्यापैकी धुतली गेली, काठाला बाक आले. ज्या नदीकडे लोक पाठ करून घरं बांधायचे तिच्याकडे तोंड करून आता गॅलऱ्या निघाल्या. सायकलच्या दुकानाचं कॉफीचं दुकान झालं आणि त्या कॉफीवाल्याने आमच्याच दोराला दिवे लटकवले. आत्याबाई ते बघून म्हणाल्या, "ज्या दोराने जहाजं धरली त्याला आता दिवे टांगा. बरं आहे, निदान तुटायची भीती नाही."

अशा गल्लीवर कोणाचा डोळा पडला नसता तरच नवल. दोन्ही बाजूंची बरीचशी घरं एका बिल्डरने घेतली आणि त्याला गल्लीच्या तोंडाशी फाटक हवं झालं, म्हणजे नदीपर्यंतचा सगळा रस्ता त्याच्या इमारतींचा. आडवा आला तो एक जुना निकाल. फार पूर्वी एका गोदामवाल्याने गल्लीत भिंत घालायला काढली होती, तेव्हा असं ठरलं होतं की चाकापासून पायऱ्यांपर्यंत अखंड सूत निघतं आहे तोवर ही गल्ली कोणी अडवायची नाही. सूत बंद पडलं तर गल्लीचं काय ते दोन्ही बाजूंच्या मालकांनी ठरवायचं. बिल्डरने अर्ज केला की इथे आता सूत निघत नाही, कॉफीच्या दुकानांसाठी तुकडे वळतात. खोटं कशाला बोला, ते खरंच होतं. आत्याबाईंचे गुडघे धरले होते आणि त्या अर्ध्या गल्लीतूनच परत फिरत होत्या. तेव्हा पाहणीचा दिवस ठरला. ज्यांच्याकडे अर्ज गेला ते साहेब येणार, त्यांच्यासमोर एक सूत या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता काढून दाखवायचं. निघालं तर गल्ली सगळ्यांची, नाहीतर फाटक.

शिंप्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळी गल्ली आत्याबाईंच्या मागे उभी राहिली. फाटक झालं तर यांच्याकडे गिऱ्हाईक येणार कुठून? घरोघर एकच वाक्य होतं, "पाठमोरी आहे तोवर काळजी नाही." आणि आमच्या घरात मात्र सासऱ्यांनी बिल्डरला शब्द दिला होता.

मी स्वयंपाकघरात होते, बाहेरच्या खोलीत आलेल्या बिल्डरचं सगळं बोलणं ऐकू येत होतं. फाटक लागलं तर चाकाच्या शेडच्या बदल्यात नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर घर. फाटक नाही तर शेडही नको आणि घरही नाही.  सासरे म्हणाले, "सूत निघणार नाही. चाक माझ्या हातात आहे."

 त्यांचा राग यायला हवा होता, पण शेजारच्या खोलीत सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांची छाती भात्यासारखी वाजत होती. तागाची धूळ. खालून उठते, जिन्यातून वर येते, अंथरुणात, ताटात, सगळीकडे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आणखी एक हिवाळा यांना या घरात काढायला लावू नका. आणि लिफ्टचं घर मला नको होतं असं म्हटलं तर मी एक नंबरची खोटारडी ठरेन. नवरा म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस." मध्ये पडू नको म्हटलं की मी पडतेच, हा माझा स्वभाव आहे.

पाहणीच्या आदल्या दिवशी चष्म्याच्या दुकानातून, जिथे मी काम करते, थेट आत्याबाईंच्या खोलीवर गेले. त्या ताग विंचरत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"लिफ्टसाठी?" त्या म्हणाल्या.

"आईंसाठी. छातीचं माहीत आहे ना तुम्हाला?"

"या गल्लीत कोण खोकत नाही? आमची आईसुद्धा खोकायची."

"आणि गेल्या कशाने?"

यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता फणी फेकून मारतात. पण त्या पुन्हा ताग विंचरायला लागल्या.

"उद्या चाकावर दुसऱ्या कोणाला बसवा," मी म्हटलं. "मामंजी घात करतील. पीळ जास्त दिला की सूत तुटतं, कमी दिला की सुटतं. साहेबांना काय कळणार? म्हणतील, म्हातारीला जमलं नाही."

"दुसरं कोण? त्या चाकाची खोड त्याला आणि मला, दोघांनाच ठाऊक." फणीतला गुंता काढत त्या म्हणाल्या, "त्याने काही केलं तर मला कळेल. सूत हातात असतं, सगळं कळतं."

"कळून उपयोग काय?"

"नसेना का. मला बघायचंय बाळ काय करतो ते." आणि मी दारापर्यंत गेल्यावर, "उद्या लवकर ये. खुंटांवर सूत चढवायला माणूस लागेल."

सकाळी गल्ली झाडून लख्ख केली होती. कॉफीवाल्याने खुर्च्या आत ओढल्या होत्या, स्कूटर एकही नव्हती. सूत निघताना गल्लीत आडवं कोणी जायचं नाही हा इथला नियम, फारच घाई असेल तर वाकून खालून जायचं, ओलांडायचं नाही. उलटं चालणाऱ्या बाईच्या मागे काही ठेवलेलं नसेल याची जबाबदारी अख्ख्या गल्लीची. आत्याबाई आजवर एकदाही मागे वळून न बघता पायऱ्यांपर्यंत गेल्या होत्या, त्या याच भरवशावर.

साहेब चांगले निघाले. शिंप्याच्या स्टुलावर बसले, पाणी मागून घेतलं, "सावकाश करा" म्हणाले. बिल्डरचा माणूस भिंतीला टेकून फोन चाळत होता. सासरे धुतलेला सदरा घालून चाकाजवळ उभे होते. ते माझ्याकडे बघेनात, आत्याबाईंकडेही बघेनात. आत्याबाईंनी तंतू आकड्यात अडकवले, दोनदा ओढून बघितले.

"चल, बाळ."

चाक फिरलं. शिंपी ओरडला, "सूत आलं!" आणि दारादारांतून तीच हाक पायऱ्यांपर्यंत गेली.

मी सुताच्या बाजूने चालत होते. ठरावीक अंतरावर जमिनीत खुंट आहेत, वर बेचक्याचे. सूत लांबलं की उचलून बेचक्यात ठेवायचं, म्हणजे ते लोंबत नाही. माझी एक नजर सुतावर आणि एक मागे चाकावर, त्यामुळे दोनदा ठेच लागली. आत्याबाईंची पावलं घड्याळासारखी पडत होती. त्यांचे गुडघे दुखत होते हे फक्त ओठांवरून कळायचं.

"कसं येतंय?" मी न राहवून विचारलं.

"गप्प बस."

कॉफीचं दुकान मागे पडलं. इस्त्रीवाला हातात थंड इस्त्री घेऊन दारात उभा होता, त्याची बायको पुटपुटत होती. आणि गल्लीच्या मध्यावर, आत्याबाई हल्ली जिथून परत फिरायच्या त्याच्या थोडं अलीकडे, सूत मऊ पडलं. माझ्याही हाताला ते लागलं. आत्याबाई जागच्या जागी थांबल्या. दूरवर चाक जवळजवळ उभं राहिलं होतं.

 झालं, म्हटलं, शब्द पाळला मामंजींनी. बिल्डरच्या माणसाने फोन खिशात टाकला.  आत्याबाई सूत चिमटीत धरून उभ्या होत्या, तंतू हळूहळू उसवत होते, आणि त्या ओढतही नव्हत्या, हाकही मारत नव्हत्या. नुसत्या चाकाकडे बघत होत्या. त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, पण लांबचं अजून माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं.

मीही बघितलं. सासरे चाकाच्या मुठीवर हात ठेवून वर बघत होते. वरच्या खिडकीत सासूबाई आल्या होत्या. कठड्याला धरून, अंगात त्राण नसताना, तोंडावर पदर. खोकल्याने त्या वाकत होत्या, सरळ होत होत्या. मग त्यांनी एक हात बाहेर काढला आणि हवेत गोल फिरवला. चाक फिरवा. पुन्हा फिरवला. रागावून माणूस हातवारे करतो तसा.

चाक फिरायला लागलं.

सूत परत घट्ट झालं. आत्याबाईंनी उसवलेला तुकडा बोटांनी जुळवला आणि पाऊल मागे टाकलं. गल्लीने सोडलेला श्वास ऐकू आला. शिंपी तर टाळ्याच पिटायला लागला, त्याला साहेबांनी हाताने गप्प केलं.

आता सूत असं यायला लागलं की विचारू नका. कुठे गाठ नाही, कुठे जाड-बारीक नाही. माझ्यासारख्या अडाण्यालासुद्धा फरक कळत होता. मला आनंद झाला, लिफ्ट गेली तरी झाला. बहिणीच्या हाताखाली वाढलेला माणूस, सुंभ जळेल पण पीळ जाईल का, असं काहीतरी मी बोललेसुद्धा. आत्याबाईंना ते ऐकू गेलं नाही.

"असं चाक त्याने कधी फिरवलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"मग चांगलंच की."

"चांगलं कुठलं! मला वाटत होतं तो घात करेल." त्या पाऊल मागे टाकत म्हणाल्या. "केला असता तर बरं झालं असतं. मी त्याच्याशी भांडले असते, जन्मभर बोलले नसते. आता हा शेवटपर्यंत नेणार. वहिनीने सांगितलं म्हणून नेणार."

पायऱ्या जवळ आल्या होत्या. नदीचा गार वारा मला तोंडावर लागत होता. दोन्ही बाजूंना माणसं पुढे सरकली, कोणी म्हणालं, "आलं, आलं!" माझ्यापुढे शेवटचे दोन खुंट राहिले.

"डॉक्टर नक्की काय म्हणाले?" आत्याबाईंनी विचारलं.

"आत्याबाई, आत्ता नको."

"नक्की काय म्हणाले ते सांग."

"म्हणाले, आणखी एक हिवाळा इथे काढू नका. काढला तर पुढचं मला विचारू नका."

त्या चालत राहिल्या. एक खुंट गेला. मी शेवटच्या खुंटावर सूत चढवलं. पायरीची कड त्यांच्या टाचेपासून हातभर होती. त्यांनी वर चाकाकडे एकदा बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि मूठ उघडली.

ताणलेलं सूत सोडल्यावर काय करतं ते मी पहिल्यांदाच बघितलं. ते माझ्या अंगावरून सपकन गेलं, एकेका बेचक्यातून उडत, वेटोळी घेत, सगळ्या गल्लीभर पसरत परत चाकाकडे धावलं. बायका किंचाळल्या. मग इतकं शांत झालं की नदी ऐकू यायला लागली.

"सुटलं," आत्याबाई म्हणाल्या. "हातातून सुटलं."

 मी त्यांच्यापासून एका हातावर होते. बोटं उघडताना मी बघितली होती, एकेक करून, सावकाश, आपण लहान मुलाचा हात सोडतो तशी.

साहेब घाईने आले. त्यांचा चेहराच पडला होता. "अहो, अगदी तोंडाशी आलं होतं! बाई, बसा जरा. पाणी प्या. पुन्हा एकदा करा, मला घाई नाही." बिल्डरचा माणूस काही बोलायला लागला तर साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी संध्याकाळपर्यंत थांबतो. इतकं सुंदर आलं होतं, पुन्हा येईल."

"येईल, येईल," गल्ली म्हणाली. शिंप्याने तागाचा दुसरा भारा आणायला माणूस पळवलासुद्धा.

तेवढ्यात सासरे पोचले. सूत निघत असताना चाकवाला जागा सोडत नाही, त्यामुळे या टोकाला त्यांना अशा वेळी कोणी बघितलंच नव्हतं. धापा टाकत होते.  त्यांनी बहिणीचा उजवा हात धरला आणि उलटा करून उघडला. ताणलेलं सूत मनाविरुद्ध निसटलं तर तळहात सोलून नेतं, लाल रेघ उठते, रक्त येतं. आत्याबाईंचा तळहात स्वच्छ होता.

दोघं त्या हाताकडे बघत राहिले. सासऱ्यांनी मान वर करून बहिणीकडे बघितलं. मला वाटलं आता हे बोलतात, आता गल्लीसमोर सगळं बाहेर येतं. त्यांनी तो हात मिटला आणि आपल्या दोन्ही हातांत झाकून घेतला.

"नको साहेब," ते मोठ्याने म्हणाले. "थांबू नका. हात गेला तिचा."

साहेबांनी आत्याबाईंकडे बघितलं. "बाई?"

एका व्यापाऱ्याने एकदा दोर कच्चा आहे म्हटलं होतं तर याच बाईने त्याला त्या दोराने खांबाला बांधून दिवसभर ओढ म्हणून सांगितलं होतं. त्या मान खाली घालून उभ्या होत्या.

"गेला," त्या म्हणाल्या.

माणसं एकेक करून पांगली. शिंपी मात्र जाताना बोललाच, "शेवटच्या पावलाला कच खाल्ली. आम्ही हिच्या भरवशावर बसलो होतो." मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. त्या हाताला चांगली ताकद होती.

फाटक लागलं. शिंपी दुसरीकडे गेला, इस्त्रीवाला गेला, कॉफीवाला तेवढा राहिला. आम्ही वरच्या मजल्यावर गेलो आणि मी रोज लिफ्टने खालीवर करायला लागले, रोज मला आत्याबाईंचा राग यायचा, आणि रोज सासूबाईंचा श्वास न वाजता चालताना ऐकला की तो जायचा. आत्याबाई आमच्याकडे राहायला आल्या नाहीत. पायऱ्यांजवळची खोली सोडली नाही. फाटकावरचा पहारेकरी त्यांना कुणाकडे जायचंय म्हणून विचारतो, आणि त्या निमूटपणे सांगतात. गल्लीतून गेलेली जुनी माणसं कुठे भेटली तर अजून म्हणतात, वय झालं होतं, कोणाला तरी आधीच तयार करायला हवं होतं. या बोलण्याला मी इतकी वर्षं उत्तर दिलं नाही.

सासूबाई मागच्या वर्षी गेल्या, बरेच हिवाळे काढून, झोपेत. म्हणून आता लिहिते आहे. आत्याबाई हे वाचणार नाहीत, मी चष्मा करून दिला तो त्या घालत नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर जाऊन भांडले होते. म्हटलं होतं, मी सगळ्यांना सांगणार, तुम्ही सोडलंत म्हणून, सुटलं नाही म्हणून, लोकांनी तुम्हाला नावं ठेवलेली मला सहन होणार नाहीत. त्या उरलेला ताग गुंडाळून फळीवर ठेवत होत्या.

"सांग की," त्या म्हणाल्या. "पण मग ते वहिनीच्या कानावर जाईल. आणि एकदा कळलं की तिला त्या घरात श्वास घेववेल का, तेवढं मला सांग."

मी घरी गेले आणि सामान बांधायला घेतलं.